दुसरी सीट, जवळपास नवी

माणसं दोनच सीटांची एवढीशी गाडी का घेतात, याची चौकशी करण्यासाठी शासनाने अद्याप समिती नेमलेली नाही. ती नेमली जाईपर्यंत माझं पुढील निवेदन ग्राह्य धरण्यात यावं. मी अशी गाडी घेतलेली आहे. ती विजेवर चालते, तिचा रंग पिस्त्याच्या बर्फीचा आहे आणि सोसायटीच्या फाटकात ती आडवी लावली तरी शेजारून दूधवाल्याची मोटरसायकल निघून जाते. गाडी घेण्याची कारणं म्हणून मी लोकांना पर्यावरण, पार्किंग आणि साधी राहणी अशी सांगितली. खरं कारण वेगळं होतं. मला 'नाही' म्हणता येत नाही.

हे कोणाला खरं वाटणार नाही, कारण 'नाही' म्हणण्यासाठीच मला पगार मिळतो. मी इंद्रजीत शेवाळे, तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीत गुणवत्ता नियंत्रण अधिकारी. माल नापास केला की अख्खी बॅच परत फिरते, मग मालकाचा फोन येवो की मालकाच्या मेव्हण्याचा. माझ्या लाल शिक्क्याला प्लँटमधले भलेभले टरकून असतात. हाच अधिकारी संध्याकाळी कुंभवलीजवळच्या आपल्या सोसायटीत शिरला आणि जिन्यात कोणी "साहेब, जरा..." एवढंच म्हणालं, की तो पुढचं न ऐकता "हो हो, का नाही!" म्हणतो. शिक्का कंपनीच्या कपाटात असतो. घरी आणायची परवानगी नाही.

आमची 'स्नेहबंध' सोसायटी सगळी बाहेरून आलेल्यांची. कोणी सोलापूरकडचं, कोणी कोल्हापूरचं, मी बागलाणातला. कोणी कारखान्यात, कोणी वीज प्रकल्पात. इथे कोणाचा मामा नाही की मावशी नाही, म्हणून शेजाऱ्यालाच नातं लावण्याची पद्धत आहे. पद्धत चांगलीच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त ज्याच्याकडे सात सीटांची गाडी असते त्याचा गोतावळा जरा जास्त वाढतो. आणि माझ्याकडे सात सीटांची गाडी होती.

आमच्याकडे गाडीत जागा कोणी मागत नाही. "गाडी कुठं चालली?" असं विचारतात. पालघर म्हटलं की पालघरला काम निघतं. मनोर म्हटलं तर गावी जाणारा कोणीतरी हायवेवर बस पकडायला तयारच असतो, सोबत तांदळाचं पोतं आणि सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन. सातांच्या गाडीत सात माणसं बसली तर ती रिकामी चालली असं आमच्यात समजतात.

बसण्याची व्यवस्थाही ठरलेली होती. ती कोणी ठरवली हे सांगता येणार नाही. सोसायटीचे सेक्रेटरी आनंदा चौगुले, ज्यांना सगळे आनंदराव म्हणतात, ते माझ्याशेजारी पुढे बसत. मागे बसलं की त्यांना मळमळतं, अशी त्यांची वैद्यकीय अडचण होती. आनंदराव नसले तर त्यांचे पाहुणे पुढे बसत. पाहुणे नसले तर तळमजल्यावरचा बबलू, जो आमच्याच कंपनीत ऑपरेटर आहे, तो "साहब, मैं आगे बैठता हूँ, रास्ता देखूँगा" म्हणून बसे. बोईसर-पालघर रस्ता मला पाठ आहे, पण पुरुष माणसाला मागे बायकांत कसं बसवायचं? माझी बायको ज्ञानेश्वरी मागे बसायची. अगदी मागच्या रांगेत, सामानाशेजारी, कारण मधली रांग पाहुण्या बायकांची. ती घरातलीच होती.

एक सांगायचं राहिलं. ज्ञानेश्वरी कुठेही निघाली की तिच्या मुठीत एक लिंबू असायचं. आम्ही मासे खायला निघालो असलो तर ते ताटासाठी घेतलं असेल, असा मी निष्कर्ष काढत असे. पालघरच्या दवाखान्यात जातानाही लिंबू असायचं. तेव्हा मी कोणता निष्कर्ष काढत होतो, ते आता आठवत नाही.

मागल्या वर्षी आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला कंपनीतला शिफ्ट इनचार्ज विनोद म्हणाला, "साहेब, वैनीला घिऊन आमचे दातिवऱ्याला या. समिंदरावर तुमी दोगंच बसा निवांत. आमी कोण तरास देनार नाय." विनोद दातिवऱ्याचा, घर अगदी किनाऱ्याला. ज्ञानेश्वरीला हा बेत इतका आवडला की तिने ठेवणीतली साडी काढली. मुलगी पुण्याला शिकते, तिला फोन करून "आम्ही दोघंच जातोय हं" असं तिने दोनदा सांगितलं. मग आम्ही जिना उतरलो आणि आनंदरावांनी विचारलं, "गाडी कुठं चालली?"

फाटकातून गाडी निघाली तेव्हा आत नऊ माणसं होती. विनोदच्या बायकोने, सपनाने, एका जोडप्याचा स्वयंपाक केला होता, तो वाढवून वाढवून सगळ्यांना पुरवला. किनाऱ्यावर आनंदरावांनी अंताक्षरी घेतली. परत आल्यावर कुलूप काढताना ज्ञानेश्वरी एवढंच म्हणाली, "आपण दोघंच जाणार होतो ना?"

माझ्या खात्यात याला तक्रार प्राप्त होणे म्हणतात. तक्रार आली की ग्राहकाशी फार बोलत बसायचं नसतं, दोषाचं मूळ शोधून ते काढायचं असतं. मी मूळ शोधलं. दोष सीटांच्या संख्येत होता. सात सीटा आहेत म्हणून माणसं येतात. तेव्हा सीटा कमी करणे हा उपाय. मला 'नाही' म्हणता येत नसेल तर माझ्या वतीने 'नाही' म्हणणारी गाडी घ्यावी. ग्राहकाला आणखी दोन प्रश्न विचारले असते तर चाललं असतं, पण तशी माझ्या खात्याची पद्धत नाही.

जुनी गाडी विनोदने घेतली. त्याचं घर मोठं, माणसं भरपूर. नवी गाडी दारात आली त्या दिवशी सोसायटी जमली. पूजा झाली, नारळ फुटला, आणि चाकाखाली ठेवायला लिंबं आणायची राहिली असं लक्षात आलं. तीन मिळाली, एक कमी पडलं. तेव्हा ज्ञानेश्वरीने मुठीतलं लिंबू पुढे केलं. "हे घ्या," ती म्हणाली, "आता मला लागायचं नाही." तिचा चेहरा असा फुलला होता की मला वाटलं, हिला पिस्ता रंग आवडला.

आनंदरावांनी माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. मी भाषण केलं. आमच्या भागात नुसत्या वासावरून वारा कुठल्या बाजूचा आहे ते सांगणारी माणसं आहेत. त्यांच्यासमोर मी शुद्ध हवेवर बोललो. पुढच्या पिढीला काय देणार आहोत, असा सवाल केला. टाळ्या पडल्या. मला स्वतःलाही क्षणभर वाटून गेलं की मी खरंच पर्यावरणासाठी ही गाडी घेतली आहे.

पहिल्या रविवारी आम्ही दोघं निघालो. फाटकात पहिल्या मजल्यावरच्या इंदुबाई काठी टेकत उभ्या होत्या. त्यांचा मुलगा परगावी असतो. "गाडी कुठं चालली, बाळा?" त्यांनी विचारलं. मी अत्यंत समाधानाने म्हणालो, "आजी, दोनच सीटा हो. मी आणि ही."

"म्हणजे तुझ्या शेजारी एक आहे ना?" इंदुबाई म्हणाल्या. "मला एकच लागते."

ज्ञानेश्वरी उतरली. इंदुबाईंचा गुडघा दुखत होता, पालघरला डॉक्टर थांबले होते, तिने दुसरं काय करावं? संध्याकाळपर्यंत ही बातमी सोसायटीभर झाली आणि दुसऱ्या मजल्यावरच्या चंद्रकांता वहिनी माझ्याशी बोलेनाशा झाल्या. सात सीटा होत्या तेव्हा कोणाला घेतलं काय, राहिलं काय, कोणी मनावर घेत नव्हतं. आता एकच होती. त्या एकीवर इंदुबाईंना बसवलं याचा अर्थ उरलेल्या सगळ्यांना बसवलं नाही. मी एका गुडघ्यापायी सोळा घरांशी वैर घेतलं होतं.

पुढच्या रविवारी सकाळी गच्चीवर खास सभा बोलावण्यात आली. विषय होता 'पर्यावरणपूरक वाहनातील शेजारील आसन'. आनंदराव उभे राहिले. "सात सीटा व्हत्या तवा कुनी नियम मागितला न्हाई. आता एकच हाय. टंचाई आली की वाटप आलं, आन वाटप आलं की कमिटी आली. ह्यात साहेबांचा अपमान करायचा हेतू न्हाई."

"माझी काही हरकत नाही," मी म्हणालो. कोणी विचारलं नव्हतं.

शेजारील आसन वाटप उपसमिती स्थापन झाली. आधी रुग्ण, मग ज्येष्ठ नागरिक, मग परीक्षार्थी, मग सामानवाले, मग ज्यांना माझ्याशी खासगी बोलायचं आहे असे, आणि मग इतर, असा क्रम ठरला. गाडीमालकाच्या पत्नीचं काय, असं बबलूने उगाच विचारलं. आनंदरावांनी विचार करून सांगितलं की मालकाच्या पत्नीला मालकाचा सहवास घरी विनामूल्य उपलब्ध असल्याने तिचा क्रमांक शेवटी राहील. ठराव मताला टाकला. ज्ञानेश्वरी माझ्याकडे बघत होती. मी हात वर केला. मग तिनेही केला, आणि ठराव एकमताने मंजूर झाला.

पूर्वी एका फेरीत सात माणसं जात. आता एका माणसाची एक फेरी. मी सकाळी परीक्षार्थी सोडायचो, परत येऊन रुग्ण न्यायचो, परत येऊन पोतं. पोत्यालाही पट्टा लावावा लागे, नाहीतर गाडी बोंबलत राही. गाडी चार्जिंगला लावून मी जेवायला बसलो की खालून कोणीतरी हाक मारून किती टक्के झालं ते विचारी. रविवारी मी स्वतः कुठे जायचं बंदच झालं, कारण मी सारखा जातच होतो.

त्यातून एक नवीनच गोष्ट निघाली. मोठ्या गाडीत माणसं एकमेकांशी बोलतात आणि चालवणारा सुटतो. एवढ्याशा गाडीत शेजारच्या माणसाला माझ्याशिवाय कोणी नसतं आणि माझा कान त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असतो. जाताना नवरा बायकोची तक्रार सांगे, येताना तीच बायको नवऱ्याची. मी दोघांनाही "बरोबर आहे तुमचं" म्हणे. बबलूने साहेब लोक कसे नालायक असतात ते बोईसर स्टेशनपर्यंत सांगितलं, आणि मग "आप को नहीं बोला, साहब" असं म्हणून तो उतरला. लोक काम नसतानाही सीट मागू लागले. मन मोकळं करायला बोईसरमध्ये दुसरी जागा नाही म्हणे.

उपसमितीच्या पुढच्या बैठकीत चंद्रकांता वहिनींनी मुद्दा मांडला की या वाहनाची निम्मी क्षमता एकच व्यक्ती कायमस्वरूपी अडवून बसली आहे. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी संकोचलो. खरंच, प्रत्येक फेरीला मीच होतो. माझ्याऐवजी बबलूने गाडी चालवावी का, यावर चर्चा झाली. पण बबलूही एक सीट घेणारच होता. चालकाशिवाय गाडी चालणार नाही हे अखेर खेदाने मान्य करण्यात आलं आणि मला पुढील आदेशापर्यंत मुदतवाढ मिळाली. मी उभं राहून सर्वांचे आभार मानले.

ज्ञानेश्वरी काय करत होती? ती भाजी आणायला रिक्षाने जाई. लांब कुठे जायचं असलं तर विनोद आणि सपना आमची जुनी गाडी घेऊन इकडून जाताना तिला हाक मारत. "वैनी, येताव का? जागा हाय!" आणि ती मुठीत लिंबू घेऊन मागे जाऊन बसे. हो, लिंबू परत सुरू झालं होतं. मी म्हटलं ना, निष्कर्ष काढणं हे माझं काम आहे. मी असा निष्कर्ष काढला की हिला सवय झाली असावी.

यंदा लग्नाचा वाढदिवस आला तेव्हा मात्र मी निर्धार केला. उपसमितीकडे रीतसर विनंती केली की माझ्या शेजारी एक दिवस माझी पत्नी बसावी. आनंदरावांनी डोकं खाजवलं. असा पायंडा पडला तर उद्या कोणीही उठून आपल्या बायकोला बसवील. पण शेवटी, "बरं, शुभ दिवस हाय, एक डाव करू," म्हणाले. बेत तोच, दातिवरे, विनोदचं घर. विनोदने या वेळी शहाणपणा करून सगळ्यांनाच बोलावलं होतं. बाकीच्या मंडळींना तो आपल्या गाडीने न्यायला येणार होता. मी आणि ज्ञानेश्वरी आमच्या गाडीने. दोघंच.

सकाळी ती खाली आली तेव्हा केसात अबोलीचा गजरा होता आणि दोन्ही हात रिकामे होते. मी ते पाहिलं. मला फार बरं वाटलं, का ते कळलं नाही. मी गाडीचं दार उघडायला गेलो, आणि आत इंदुबाई बसल्या होत्या. पट्टाही लावला होता.

"बाळा, चार्जिंगला लावली होती, दार उघडंच होतं," त्या म्हणाल्या. "त्या दुसऱ्या गाडीची पायरी फार उंच बघ. म्हटलं, इथंच बसावं. आता बसले की मला चटकन उठता येत नाही."

मी ज्ञानेश्वरीकडे पाहिलं. "आजींना घेऊन या सांभाळून," ती म्हणाली. मग ती वर गेली आणि लिंबू घेऊन आली. विनोदच्या गाडीत पुढे आनंदराव बसलेले होते, वैद्यकीय कारणास्तव. ती मागच्या रांगेत शिरली.

पालघर, केळवे आणि पुढे सुरूच्या झाडांमधला रस्ता. इंदुबाई मुलाबद्दल, सुनेबद्दल बोलत होत्या. मग त्या काचेतून समोर बघू लागल्या. "पुढून रस्ता कसा अंगावर येतो नाही?" त्या म्हणाल्या. "आमच्या ह्यांनी मला कधी शेजारी बसवलं नाही. बैलगाडी होती तेव्हा मागं पोत्यांवर. मग जीप घेतली, तेव्हा मागं पोरांत. ते गेले तेव्हा अँब्युलन्समध्येही मी मागंच होते. तुझ्या गाडीत पहिल्यांदा पुढं बसले मी."

"हो आजी," मी म्हणालो आणि हॉर्न वाजवला. समोर एक म्हैस होती. तरीही आता वाटतं, दुसरं काहीतरी म्हणायला हवं होतं.

दातिवऱ्याला पोचलो तर बाकीचे किनाऱ्यावर पसरले होते. बांबूंवर बोंबील वाळत होते. ज्ञानेश्वरी लांब एका सुरूच्या बुंध्याला टेकून बसली होती, चेहरा पांढरा पडलेला. सपना तिला पाणी देत होती.

"मासे बाधले का?" मी विचारलं.

"अजून कोन जेवला?" सपना माझ्याकडे बघत राहिली. "वैनीला गाडी लागते ना, साहेब. मागं बसली का लई होते तिला. तुमाला म्हाईत नाय?"

मला माहीत नव्हतं. पाण्यासारख्या दिसणाऱ्या दोन द्रावणांतला फरक मी सांगू शकतो. सपना भांडं घेऊन घराकडे गेली आणि आम्ही दोघंच उरलो, समुद्रासमोर, जसं ठरलं होतं तसं.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"आनंदरावांना कधी जागा मागावी लागली का? ते नुसते पुढे जाऊन बसायचे," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मला कधीच वाटलं नाही हो, की बाकीचे नकोत. मला आवडतात माणसं. मला तुमच्याशेजारी बसायचं होतं. सात सीटांची असली म्हणून काय झालं, पुढे दोनच असतात ना? सगळ्या गाड्यांना पुढे दोनच असतात. त्याच्यासाठी नवी गाडी कशाला घ्यायची?"

मला रडू आलं. हे मी व्यंग म्हणून लिहीत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, या बाईने मागच्या रांगेत पोत्याशेजारी लिंबू हुंगत पालघर जिल्हा पाहिला, आणि मी तिला सुख द्यायचं म्हणून गाडीच्या सीटा मोजत बसलो. मी म्हणालो, "परत जाताना तू माझ्याशेजारी. कोणीही येऊ दे. मी 'नाही' म्हणणार."

"म्हणाल?" तिने विचारलं.

"म्हणजे काय!" मी म्हणालो.

दुपारचं जेवण झालं. परत निघायची वेळ झाली तेव्हा सगळंच जुळून आलं होतं. इंदुबाईंना विनोदच्या आईने दोन दिवस ठेवून घेतलं होतं. शेजारची सीट रिकामी होती. ज्ञानेश्वरी दारापाशी उभी होती, पदर सावरून, आत पाय टाकायच्या बेतात. तेवढ्यात मागून आनंदराव आले.

"साहेब, परतीला मी हाय तुमच्यासंगं. जरा खासगी बोलायचं हाय."

मी 'नाही' तयार केलं. ते माझ्या घशात होतं, मला स्पष्ट जाणवलं. आदल्याच दिवशी कंपनीत मी एक अख्खी बॅच नापास केली होती, मालक समोर उभे असताना. मी आनंदरावांकडे पाहिलं. त्यांनी शर्टाची वरची गुंडी काढून दाराला हात घातलेला होता. मी तोंड उघडलं.

"या ना," मी म्हणालो.

ज्ञानेश्वरीने लिंबू माझ्या स्टिअरिंगसमोर ठेवलं. ती विनोदच्या गाडीकडे गेली तशी पाहुण्यांना सोडायला निघालेली सपना दार उघडून म्हणाली, "वैनी, तुमी पुढं बसा. तो सेक्रेटरी नाय आता. मी मागं पोरांसंगं बसते, मना काय होत नाय." आणि आमच्या त्या जुन्या गाडीत माझी बायको पहिल्यांदा पुढच्या सीटवर बसली. गाडी विकल्यावर.

घरापर्यंत ती गाडी माझ्या पुढेच होती. डाव्या खिडकीतून तिचा हात बाहेर दिसायचा, वाऱ्यावर सोडलेला. आत गाणी चालली असावीत, मागे पोरं उड्या मारत होती. आनंदरावांचं खासगी असं होतं की त्यांनाही अशीच दोन सीटांची गाडी घ्यायची आहे.

"कशासाठी?" मी विचारलं.

"मागं बसायची भानगडच न्हाई की ओ."

"आणि वहिनी?"

"ती येतीय की एस्टीनं," ते म्हणाले. मग त्यांचं लक्ष समोर गेलं. "लिंबू बरं हाय. सरबत करतो घरी जाऊन." त्यांनी हात पुढे केला.

"ते ठेवा," मी म्हणालो. आवाज इतका मोठा निघाला की मीच दचकलो. "त्याला हात लावायचा नाही." आनंदरावांना मी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी नाकारलं होतं, आणि ते एक लिंबू होतं. उरलेला रस्ता ते खिडकीबाहेर बघत बसले.

त्यानंतर मी उपसमितीला न विचारता शेजारची सीट रिकामी ठेवू लागलो. ज्ञानेश्वरी बसत नाही. रागावलेली नाही, जेवायला आवडीचं करते, हसते, बोलते. "तुमची गाडी लोकांच्या कामाची आहे," म्हणते, "मला सपनाकडे पुढची जागा आहे." सपना मागे का बसते म्हणून मी एकदा विनोदला विचारलं. "दोगी ठरवतात साहेब," तो म्हणाला, "मना कोन इचारतो?"

तेव्हा सदर वाहन विकणे आहे. पिस्ता रंग, विजेवर चालणारी, चालवणारा हात एकच. शेजारची सीट घरच्यांनी जवळपास न वापरलेली. गाडी बघायला बरेच जण येऊन गेले, सगळे सुशिक्षित, बायकोला बरोबर घेऊन आलेले आणि सोबत एखादा जाणकार मित्र. मी चावी दिली की गृहस्थ चालवायला बसतात आणि मित्र शेजारी. बाई फाटकापाशी उभ्या राहतात, पर्स दोन्ही हातांनी धरून. कोणी कोणाला काही सांगत नाही, तरी दरवेळी असंच होतं. त्यातल्या एकीने मला विचारलं, "भाऊ, ते लिंबू कशाला ठेवलंय समोर?"

तुम्हीही येऊन बघा, कुंभवलीला कोणीही घर दाखवेल. हसत होतात तेवढे पुरे. तुमची गाडी पाच सीटांची असो, सातांची असो, येताना मित्रालाही घेऊन या, घरच्यांनाही घेऊन या. किमतीचं नंतर बोलू. मला फक्त फाटकात उभं राहून बघायचं आहे, तुमच्या गाडीच्या मागच्या दारातून कोण उतरतं.